जुनी स्पोर्ट्स कार घाटात बंद पडली आणि फोन तुम्हाला आला, तर?



टोइंगच्या धंद्यावरच्या व्हिडिओचा हा लेखी भाग. शहापूर किंवा मुरबाडमध्ये रिकव्हरी व्हॅन टाकायचा विचार असेल, तर आधी हे वाचा आणि मगच कर्जाचा अर्ज भरा.

आपला भाग बघा. शहापूरवरून मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाटाकडे जातो. मुरबाडवरून कल्याणचा रस्ता माळशेज घाट चढून नगरकडे जातो. मधला किन्हवली-सरळगाव रस्ता या दोन्हींना जोडतो. म्हणजे एकच व्हॅन दोन्ही घाटांना उपयोगी पडते. मुंबईत जुन्या गाड्या जपणारी मंडळी कमी नाहीत. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तर १९१९ पासून आहे. यातल्या कुणाची तरी दोन सीटची जुनी एमजी किंवा ट्रायम्फ सुट्टीच्या दिवशी घाटात तापून उभी राहू शकते.

हे गिऱ्हाईक रोज येणार नाही. रोजची भाकरी पिकअप आणि साध्या कारवरच मिळणार. पण ही गाडी म्हणजे परीक्षा आहे. साध्या कारचा बंपर तुटला तर नवा मिळतो. या गाडीचा बंपर कदाचित परदेशातून मागवावा लागेल, आणि त्याचं बिल तुमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा मोठं असू शकतं. म्हणून एक गोष्ट पक्की करा: आपण गाडी ओढण्याचे पैसे घेत नाही, गाडी होती तशी पोचवण्याचे घेतो.

फोनवरच विचारा

गाडी कुठली, कुठे उभी आहे, चाकं फिरतात का, स्टिअरिंग वळतं का, ब्रेक लागतो का, पुढचा भाग जमिनीपासून किती उंच आहे, पेट्रोलचा वास येतोय का? गाडी वळणावर असेल तर माणसांना गाडीत बसू देऊ नका, कठड्यापलीकडे सुरक्षित जागी थांबायला सांगा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे, तोही द्या. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. गाडी तिथे असेल तर आधी महामार्गाच्या मदतकेंद्राला कळवायला सांगा.

कधी कधी गाडी नुसती तापलेली असते. मग रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका आणि इंजिन थंड होऊ द्या, एवढंच सांगा. एक फेरी जाईल, पण तुमचा नंबर त्यांच्या ग्रुपवर फिरेल.

दोरी नको, पुढची चाकं उचलणंही नको

दोरीने ओढायचं असेल तर नियम आहेत. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि मागच्या गाडीत लायसन्सवाला चालक हवा. पण घाटात नियम पाळूनही धोका राहतोच. व्हॅक्यूमची मदत असलेले ब्रेक इंजिन बंद असताना जड लागतात आणि उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर येते.

क्रेनने पुढची चाकं उचलून न्यायची? जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा मागची चाकं इंजिनाच्या ताकदीवर चालतात. ती रस्त्यावर फिरत राहिली की प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा काही भागही फिरतो. इंजिन बंद असताना काही गिअरबॉक्समध्ये सगळीकडे तेल पोचत नाही, आणि आतून नुकसान होतं. म्हणून चारही चाकं वर, म्हणजे फ्लॅटबेडच. आपल्याकडे फ्लॅटबेड नसेल तर सरळ नाही म्हणा आणि ज्याच्याकडे आहे त्याचा नंबर द्या.

चढवताना

१. हुक लावायच्या आधी चारही बाजूंचा, चाकांचा आणि जुन्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढा. मालकाला तिथेच व्हॉट्सअॅप करा.

२. पेट्रोलचा वास असेल तर मालकाला विचारून बॅटरीची वायर काढा. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. बिडी-सिगरेट बंद.

३. हुक कुठे लावायचा ते मालकाला विचारा. बंपर, टायरॉड, सायलेन्सर, ऑइल चेंबर यांना हात लावायचा नाही. चेसिसची मजबूत जागाच हवी.

४. नाक खाली असतं, म्हणून उतरंडीखाली लांब लाकडी फळ्या घालून चढ कमी करा. एक माणूस वाकून फक्त नाकाकडे आणि पोटाकडे बघत राहील.

५. विंच हळू चालवा. तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

६. वर आल्यावर हँडब्रेक, गिअर आणि चाकांना ठोकळे. मग चारही टायरवरून रॅचेट बेल्ट. तारांची चाकं असतील तर बेल्ट तारांमधून ओवू नका, त्या वाकतात.

७. सैल कव्हर घालू नका. वाऱ्याने ते फडफडतं आणि रंग घासला जातो.

पहिल्या ५ ते १० किमीनंतर थांबून बेल्ट तपासा. घाटातल्या वळणांवर ते हमखास ढिले होतात.

भाव कसा सांगाल?

समजा, तुमची व्हॅन मुरबाडला आहे. माळशेजच्या बाजूला ३० किमी रिकामी गेली, गाडी घेऊन ८० किमीवर ठाण्याला आली आणि ५० किमी रिकामी परतली. गिऱ्हाइकाला ८० किमी दिसतात, व्हॅन १६० किमी पळते. डिझेल, टायर, मेंटेनन्स मिळून किमीला २५ रुपये धरले तर ४,००० झाले. दोन माणसांचे १,५०० आणि टोल व किरकोळ ५०० धरले की खर्च ६,००० रुपये. तुम्ही ८० किमीला ५० च्या दराने ४,००० सांगितले, तर २,००० खिशातून गेले. त्यात कर्जाचा हप्ता, विमा आणि तुमचा नफा अजून धरलेलाच नाही! आकडे तुमचे घाला, पण हिशेब नेहमी पूर्ण फेरीचा करा आणि भाव निघायच्या आधी लिहून पाठवा.

विम्याचंही बघा. व्हॅनचा विमा आहे म्हणजे व्हॅनवरच्या गाडीचाही आहे, असं समजू नका. नेत असलेल्या मालाचं नुकसान कोण भरणार, हे विमा एजंटकडून लेखी घ्या.

या आठवड्याचं काम

ओळखीच्या गॅरेजवाल्याची एक कार मोकळ्या मैदानात फ्लॅटबेडवर चढवा-उतरवा, दहा वेळा. प्रत्येक वेळी वरची यादी मोठ्याने म्हणा आणि वेळ लिहा. फ्लॅटबेड नसेल तर दिवसभराच्या भाड्याने आणा. त्या एका दिवसात कळेल, हा धंदा तुमच्या हाताचा आहे की नाही, आणि तेही कर्ज डोक्यावर यायच्या आधी.