इंजिन उघडण्यापूर्वीं आंत पाहावें

बिद्री येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम चालू असतां ऊंसवाहतुकीचा ट्रॅक्टर निळा धूर सोडूं लागला, तर इंजिन लागलेंच उघडूं नये. त्यानें खेपा बुडतात व खर्चहि वाढतो. प्रथम मोबाइलला जोडावयाच्या स्वस्त तपासणी-कॅमेऱ्यानें आंत पाहावें, असें आम्ही सुचवितों.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर भोंवतालची धूळ पुसून इंजेक्टर काढावा. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन हातानें फिरवावें व पिस्टन खालीं आणावा. नंतर बॅटरीची तार सोडावी. कारण कॅमेरा आंत असतां इंजिन फिरल्यास तो तुटून सिलिंडरमध्यें राहील. इंजेक्टरचें छिद्र कॅमेऱ्याहून रुंद आहे, हें आधीं मोजून घ्यावें.

लायनरवर एकमेकींस छेदणाऱ्या तिरप्या रेघा शाबूत असल्यास झीज थोडी समजावी. उभे ओरखडे किंवा पिस्टनच्या माथ्यावर ओलें तेल दिसल्यास संशय दृढ होतो. तथापि जवळून सूक्ष्म ओरखडाहि मोठा भासतो, आणि कॅमेरा दाब मोजीत नाहीं. म्हणून कॉम्प्रेशन मोजूनच इंजिन उघडण्याचें ठरवावें. इंजेक्टर परत बसवितांना तांब्याचा नवा वायसर घालण्यास बंधूंनीं विसरूं नये.