परक्या मुलखातील मास्तरीण



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामातील तरुण-तरुणी एक प्रश्न हमखास विचारतात. परदेशात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाता येते म्हणे, जावे का? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देण्यापूर्वी तिथले दिवस कसे जातात हे पाहिलेले बरे.

याचा एक जुना दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे, फक्त दिशा उलटी. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई जून १८२७ मध्ये बोस्टनहून जहाजाने निघाली आणि वर्षअखेर मुंबईस पोचली. वय बत्तीस, लग्न झालेले नाही. त्या काळी तिच्या देशातील मिशन मंडळेसुद्धा एकट्या बाईला समुद्रापार पाठवायला कचरत असत. (ती प्रॉटेस्टंट मिशनची होती, म्हणून आपण तिच्याकडून काही घेऊ नये असे मला वाटत नाही.) मुंबईत मिशनच्या मुलींच्या शाळांची देखरेख तिच्याकडे आली. १८२९ पर्यंत या शाळांतील मुलींची संख्या चारशेच्या घरात गेली.

आकडा वाचायला छान वाटतो, पण रोजचे काम कसे होते? आधी मराठी शिकणे. मग या शाळेतून त्या शाळेत जाऊन मुलींचे वाचन ऐकणे, शिवण पाहणे. शिकवायला बायका मिळत नसत, म्हणून पंतोजी नेमावे लागत; त्यांच्यावर लक्ष ठेवणे आलेच. जेमतेम अक्षरओळख झालेली मुलगी लग्न ठरले की शाळेतून जाई. धर्म बाटेल या भीतीने आईबाप मुलींना काढून घेत. मुंबईची हवा मानवेना, म्हणून १८३७ मध्ये ती मायदेशी गेली. १८३९ मध्ये परत आली आणि मग अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) राहिली. १८६२ मध्ये तिथेच वारली.

जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत नगरला तिची शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. फरारबाईंचे मुख्य काम मराठीतून चालले, ही गोष्ट इंग्रजी शिकवायला निघालेल्यांनी जरूर ध्यानात घ्यावी. फादर थॉमस स्टीफन्स तर जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात आले, १६१९ मध्ये तिथेच वारले. त्यांनी लोकांना इंग्रजी शिकविली नाही. स्वतः मराठी शिकून ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले.

भाषा न येणाऱ्या वर्गापुढे उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३८९ च्या सुमारास 'दे माजिस्त्रो' या ग्रंथात केला आहे. ग्रंथ म्हणजे बाप-लेकाचा संवाद. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तो आम्हाला कोरडा वाटे. पुढे मुलांना शिकवताना कळू लागला. प्रश्न असा: 'चालणे' या शब्दाचा अर्थ शब्द न वापरता कसा सांगाल? चालून दाखवाल. पण विचारले तेव्हा तुम्ही आधीच चालत असाल तर? जरा भरभर चालाल. मग समोरचा समजेल की 'चालणे' म्हणजे 'घाई करणे'! नव्या देशातील मास्तराच्या सकाळच्या पहिल्या तासाला हेच घडते. तुम्ही फळ उचलून इंग्रजी शब्द उच्चारता. मुलाला वाटते तो शब्द लाल रंगाचा. तो काय समजला हे कळायला त्याच्या भाषेतले चार शब्द तरी तुम्हाला यावे लागतात.

आपल्या शाळांत केरळहून आलेल्या सिस्टर्सना विचारा. पुस्तकी मराठी शिकून त्या इथे येतात आणि मुले म्हणतात, "सिस्टर, मले समजलं नाही." पुस्तकात 'मला' असते. बुलढाण्याचे 'मले-तुले' कानात बसेपर्यंत बरेच दिवस जातात. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण, जेवणात भाकरी, सणाला घरची आठवण. परदेशात तुमचेही असेच होईल. वर्गाचे तास थोडेच असतात. बाकीचा दिवस बाजारात, स्वयंपाकात, शेजाऱ्याचे बोलणे समजून घेण्यात आणि उद्याच्या तयारीत जातो. रविवारची मिस्सा परक्या भाषेत ऐकताना डोळे भरून येतात, असे जाऊन आलेले सांगतात.

माझी खरी काळजी वेगळी आहे. दोन-तीन महिन्यांसाठी गेलेला तरुण मुलांना लळा लावतो आणि निघून येतो; पाठोपाठ दुसरा येतो, पुन्हा तीच बाराखडी. मुलांच्या पदरी निरोपच फार पडतात. शिवाय फुकट शिकवणारा मिळाला की तिथल्या पगारी शिक्षकाची गरज कुणाला वाटेल? तेव्हा निदान एक शालेय वर्ष देता येत असेल आणि स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली काम करायची तयारी असेल, तरच जावे असे माझे मत आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. सुट्टीपुरताच वेळ असेल तर घाटाखाली-घाटावर कुठल्याही गावात तुमची मदत हवीच असते.

व्यवहाराचेही पाहावे. स्वयंसेवक म्हटले तरी राहणे, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च कोण देणार हे लेखी हवे. काही मध्यस्थ उलट तुमच्याकडूनच मोठी रक्कम घेतात; ती कशासाठी, हे विचारायला लाजू नका. पर्यटक व्हिसावर शिकवायला जाऊ नका. अनेक देशांत ते बेकायदा असते. चांगली संस्था मुलांच्या सुरक्षिततेसाठी तुमच्या चारित्र्याचा दाखला मागते. जी मागत नाही, तिच्याविषयी सावध असा.

ज्यांचा विचार पक्का आहे त्यांनी मिस्सेनंतर कार्यालयात भेटावे. येताना संस्थेचे करारपत्र आणावे आणि आईवडिलांपैकी एकाला तरी सोबत आणावे.