गच्चीवरची मुलं आणि नायलॉनचा मांजा

संक्रांत जवळ आली की आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या गच्च्या भरतात. मुलं दुष्ट नसतात. पण नायलॉन मांजात एखादा पारवा अडकून फडफडला तरी "काकू, आम्ही मुद्दाम नाही केलं" म्हणून मोकळी होतात. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्येच या मांजावर देशभर बंदी घातली आहे. पोलिसांची भीती घातली की चक्री गादीखाली जाते, एवढंच. इमारतीतल्या एकांनी रक्तबंबाळ पक्ष्यांचे व्हिडिओ दाखवले. लहानगी रडली, मोठ्यांनी ते एकमेकांना पाठवले.

मी सुट्टीत मुलांना गोष्टी सांगते. तिथं एक खेळ घेतला : प्रत्येकानं एक पक्षी व्हायचं आणि त्याचा दिवस 'मी' म्हणून सांगायचा. एक जण घार झाला. याच दिवसांत घारी घरट्यासाठी काड्या वेचतात, इतकंच मी पुरवलं. काडी घेऊन तो गोदावरीपलीकडं निघाला, तेव्हा विचारलं, "वाटेत दोरा दिसतोय का रे?"

"एवढा बारीक कसा दिसणार?"

खेळात पक्ष्याचं मरण आणू नका, त्याचं कुठंतरी जाणं आणा. मेलेल्याची कीव येते नि ओसरते. आणि शेवटी "मग काय शिकलात?" विचारू नका, मुलं तुम्हाला हवं तेच उत्तर देतात.

हाच मांजा माणसांचा गळाही कापतो. पण द्वारका चौकातल्या उड्डाणपुलावरचा अनोळखी दुचाकीवाला मुलांच्या डोळ्यांपुढं येतच नाही. म्हणून विचारायचं, बाबांच्या स्कूटरवर पुढं कोण उभं राहतं? "आमची छोटी," एकानं सांगितलं. पुढचं मला बोलावं लागलं नाही.

तरी खरी अडचण वेगळीच. साध्या दोऱ्यानं आपलाच पतंग आधी कटतो, आणि शेजारच्या गच्चीवरून "गई बोला रे धिन्ना" ही जिंकल्याची आरोळी ऐकून घेणं सोपं नाही. एकट्या पोराकडून ही हार मागू नका. भोगीच्या आधीच आसपासच्या गच्च्यांवरची मुलं एकत्र बसवा, सुती दोऱ्याचं त्यांचं त्यांना ठरवू द्या. जमलं तर चक्रीऐवजी येवल्याची आसारी, म्हणजे तिथली दोरा गुंडाळायची फिरकी, हातात द्या. ढील कधी, खेच कधी, यात पोरं रमतात.

करीनंतर झाडांवरचा मांजा काढताना मुलांना विजेच्या तारांजवळ फिरकू देऊ नका. अडकलेला पक्षी ओढू नका, चोचीत पाणी ओतू नका. दोरा दोन्ही बाजूंनी कापा, भोकं पाडलेल्या खोक्यात त्याला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.