ज्योत ओढून विझत नाही

नेरूळ,
४ मार्च

चि. सोनू हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तू तळोज्याच्या कारखान्यात पर्यावरण आणि सुरक्षा विभागात रुजू झालीस, हे ताईने सांगितलं. मन भरून आलं. आज राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचं मुख्य कार्यालय आपल्या बेलापूरलाच आहे. आज तुमच्याकडे शपथ झाली असेल, छातीवर बिल्ला लागला असेल. उद्या सकाळी बिल्ला उतरल्यावर काय करायचं, त्यासाठी हे पत्र.

आधी घरी एक कर. मेणबत्ती लाव आणि वीतभर अंतरावरून फुंकर मार. ज्योत विझेल. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून बघ. विझणार नाही. फुंकर लांब जाते, ओढ मात्र तोंडापाशीच संपते. धूळ ओढून घेणाऱ्या हुडाचं सगळं शास्त्र यात आलं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण उमगलं ते रबाळ्याच्या एका कारखान्यात.

तिथे रंगाची भुकटी ड्रममधून हॉपरमध्ये ओतत. हुड डोक्याच्या वर टांगलेला. धुळीची तक्रार आली आणि मी मोठा पंखा बसवला. आवाज वाढला, बिल वाढलं, धूळ होती तिथेच राहिली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेवटी हॉपरवरच्या काकांनी खिशातून रुमाल काढून माझ्यासमोर धरला. नाक पुसलेली जागा लालभडक होती. म्हणाले, "साहेब, पंखा राहू द्या. ते तोंड खाली आणा."

आम्ही हुड निम्म्या अंतरावर आणला आणि तिन्ही बाजूंनी पत्रे लावले. अंतर निम्मं झालं की तीच धूळ पकडायला साधारण चौथाई हवा पुरते. मग पंख्याचा वेगही कमी करता आला. आणि पंख्याचा हिशेब असा की वेग २० टक्क्यांनी उतरवला, तर वीज जवळजवळ निम्मी लागते. रुमाल पांढरा राहू लागला. बॅचमागे येणारी वजनातली घट कमी झाली. शेजारच्या पांढऱ्या मालात लाल ठिपके येत, त्यावरून गुणवत्ता विभाग महिनोन्‌महिने डोकं धरून बसला होता, तेही थांबले.

सोनू, मला सांगायचं आहे ते एवढंच. कचेरीत आरोग्याची, गुणवत्तेची आणि विजेची फाइल तीन कपाटांत असते, तीन माणसांकडे असते. कारखान्यात मात्र गळती एकच असते. कामगाराच्या छातीत गेलेली भुकटी हा तुमचाच विकायचा राहिलेला माल, आणि ती उडवायलाही तुम्हीच वीज मोजलेली असते. एका फाइलीत दुखणं दिसलं, की बाकीच्या दोन्ही उघड.

संध्याकाळी पाळी सुटताना बघ. पोरं हवेचा पाइप अंगावर धरून कपडे झटकतात. ती हवा डोळ्याला, कानाला घातक, आणि झटकलेली धूळ परत श्वासात. शिवाय कारखान्यातली दाबाची हवा फार महाग पडते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णता होऊन जातो. त्यांना नुसतं रागावू नकोस, साफसफाईसाठी व्हॅक्यूम मिळवून दे. सुट्टीच्या दिवशी यंत्रं बंद पण कॉम्प्रेसर चालू असताना एक फेरी मार. हवेच्या पाइपांच्या सांध्यासांध्यांतून फुस्स आवाज येईल, तिथे खडूने खूण कर.

मास्क शेवटी, हे विसरू नकोस. मे महिन्यात घामाने चिकटलेला मास्क माणूस खाली ओढणारच. तो बेशिस्त नसतो, गुदमरलेला असतो. १९४८च्या कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमात धूळ ओढणारं साधन उगमाच्या होता होईल तितकं जवळ लावा, असं सांगितलेलं होतं. कायदे बदलतात, कलमांचे आकडे बदलतात. ही गोष्ट बदलत नाही.

आणि एक इशारा. धूर सोडून हवेची दिशा बघायची असेल, तर स्मोक ट्यूब माग. सॉल्व्हंट किंवा उडती भुकटी असेल तिथे उदबत्ती, काडी काहीही पेटवायचं नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये तुमच्या तळोज्यातली, कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री सगळ्या देशाने पाहिली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुंपणाबाहेर जे पोचतं, ते आधी कुंपणाच्या आत कुणाच्या तरी अंगावर पडलेलं असतं, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. ते बघायला तुला नेमलं आहे.

पहिल्या महिन्याचा अहवाल लिहिशील, तेव्हा साहेबांची सही घेण्याआधी तो हॉपरवरच्या माणसाला वाचून दाखव. त्याने मान डोलावली, तर पुढे पाठव.

रविवारी जेवायला ये. मेणबत्तीचं काय झालं ते सांग.

तुझा,
मामा