घडी, तह आणि अंतराळातील तबक

भिलाईच्या वसाहतीत मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात. मराठी गृहिणी साडीच्या 'घडी'विषयी बोलू लागली, तर हिंदी शेजारणीस घड्याळ आठवावे. उलट हिंदीतील कापडाचा 'तह' मराठी कानास थेट पुरंदरला नेतो. अंतराळविद्येतील एका संज्ञेचा विचार या गल्लतीपासून आरंभणे सोयीचे आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या उपग्रह-दूरदर्शन प्रयोगाचे कार्यक्रम सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी प्रक्षेपित झाले. तत्कालीन मध्य प्रदेशातील दुर्ग जिल्हा, म्हणजेच भिलाईचा परिसर, त्यांत होता, महाराष्ट्र नव्हता. (प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस मात्र मूळचे कोल्हापूरचे.) खेड्यात तीन मीटर व्यासाची जाळीची अँटेना पुरे, कारण 'एटीएस-६' या अमेरिकन उपग्रहावरील तबक ९.१४ मीटर व्यासाचे होते. एवढे तबक अग्निबाणाच्या शिरोभागात मावणे अशक्यच. म्हणून ॲल्युमिनिअमच्या ४८ चपट्या फासळ्या मधल्या तुंब्याभोवती गुंडाळल्या, त्यांच्यामधली तांब्याचा मुलामा दिलेली डेक्रॉनची जाळी दुमडली आणि सारा पसारा सुमारे दोन मीटर व्यासाच्या कड्यात बसविला. ३० मे १९७४ रोजी उड्डाण झाले. कक्षेत बंध सुटले आणि गुंडाळलेल्या फासळ्यांच्या अंगच्या ताणानेच तबक उघडले.

या क्रियेस मराठीत काय म्हणावे? 'प्रसरण' म्हटले की शाळेतील तापलेली सळई डोळ्यांपुढे येते. 'छत्री' दिसण्यात जवळची; पण छत्री पुन्हा मिटते, हे तबक मिटण्यासाठी उघडलेलेच नसते. परिभाषाकारांनी दुर्लक्षिलेला 'घडी मोडणे' हा घरगुती प्रयोग येथे अधिक नेमका वाटतो. नव्या लुगड्याची घडी एकदाच मोडते. नंतर ते कितीही नीट घातले तरी कोरे होत नाही. अर्थात रूपक थोडे लंगडे आहे. उपग्रहाच्या घडीची तालीम पृथ्वीवर होते. पण ती गुरुत्वाकर्षणात, आणि चूक सुधारण्यास माणसाचा हात जवळ असताना.

त्या हाताचा अभाव किती महाग पडतो, हे १० एप्रिल १९८२ रोजी सोडलेल्या 'इन्सॅट-१ए'ने दाखविले. त्याचे सौरफलक एकाच बाजूस होते; सूर्यप्रकाशाच्या दाबाने तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या बाजूस एक शीड उघडावयाचे होते. ते उघडलेच नाही. तोल सावरण्यात इंधन खर्ची पडत गेले आणि सप्टेंबरात ते संपून उपग्रह निकामी झाला. 'घडी विस्कटणे' हा वाक्प्रचार मराठीत संसाराच्या अव्यवस्थेसाठी योजतात. येथे अव्यवस्था आली ती घडी न मोडल्याने. ३० ऑगस्ट १९८३ रोजी निघालेल्या 'इन्सॅट-१बी'चे सौरफलकही आरंभी अडले होते. ते सप्टेंबरच्या मध्यास उघडले आणि ऑक्टोबरात उपग्रह सेवेत आला.