औषधाचा शरीरातील मार्ग : हळद, मिरी आणि आपले रुग्ण

द्रव्याच्या कार्याचा विचार आपण रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव यांच्या आधारे करतो. मानवावरील प्राथमिक चिकित्सकीय अभ्यासांत त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो : घेतलेले औषध रक्तात किती, केव्हा व किती काळ आढळते?

त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना ठरावीक मात्रा देऊन नेमक्या वेळांना रक्त तपासतात व आलेख काढतात. आलेखाचे शिखर ही सर्वोच्च पातळी. पातळी निम्म्यावर येण्यास लागणारा काळ हा अर्धायुकाल. आलेखाखालील क्षेत्रफळावरून शरीराला एकूण किती औषध लाभले ते कळते.

बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. हळदीतील कर्क्युमिन २ ग्रॅम एकटेच दिले असता ते रक्तात आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले. सोबत मिरीतील पिपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. कर्क्युमिनचे आतडे व यकृतात वेगाने रूपांतर होऊन ते उत्सर्जित होते. पिपरीन या रूपांतरास अडथळा करते. अर्थात, रक्तातील पातळी वाढली म्हणजे रोगशमन सिद्ध झाले, असे नव्हे.

हाच अडथळा इतर औषधांनाही लागू पडतो. १९९१ च्या अभ्यासात रोज २० मिलिग्रॅम पिपरीन ७ दिवस दिल्यावर प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलिन यांची रक्तातील पातळी वाढली. अपस्मारातील फेनिटोइनबाबतही अशीच वाढ आढळली आहे. फेनिटोइनची उपयुक्त पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढीच. तीपलीकडे नेत्रगोलांची थरथर, चालताना तोल जाणे व ग्लानी संभवते.

आता आपल्या मात्रेचा हिशोब पाहू. दीड ग्रॅम त्रिकटू चूर्णात अर्धा ग्रॅम मिरी असते. तिच्यात पिपरीन ५ टक्के धरले, तरी २५ मिलिग्रॅम होते. पिंपळीतील पिपरीन वेगळेच. म्हणजे अभ्यासातील मात्रा आपल्या नित्याच्या मात्रेत सहज ओलांडली जाते. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळीला योगवाही म्हणून तिचा अतिउपयोग निषिद्ध मानला आहे, हे येथे स्मरावे.

म्हणून आम्ही सुचवितो : त्रिकटूयुक्त कल्प देण्यापूर्वी वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी रुग्णाची चालू औषधे विचारून नोंदवावीत. फेनिटोइन किंवा थिओफिलिन चालू असल्यास पर्यायी कल्प योजावा, अथवा संबंधित डॉक्टरांशी बोलून रक्तपातळी तपासून घ्यावी. रुग्णाचे चालू औषध मात्र परस्पर बंद करू नये.