आजी, भाकरी आणि ॲक्सेलरोमीटर

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने ‘म्हातारी माणसं पडली की गजर करणारा पट्टा’ हा विषय घेतला, तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला, "पडल्यावर ओरडून काय उपयोग?" आम्ही तो हसण्यावारी नेला.

आधी थोडं तत्त्व. पट्ट्यात एमपीयू ६०५० ही चिप होती. तिच्यात तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर आणि तीन अक्षांचा जायरोस्कोप असतो. टेबलावर स्वस्थ ठेवली तर ती १ जी दाखवते आणि हातातून सोडली तर हवेत असेपर्यंत जवळजवळ शून्य! (व्हायव्हात निम्मे इथेच गारद होतात.) माणूस पडताना पाय जमिनीला टेकलेले असतात, म्हणून पुरतं शून्य येत नाही, पण आकडा १ च्या बराच खाली जातो. मग आपटल्याचा झटका, मग शरीर आडवं, मग सामसूम.

घाईत आम्ही फक्त झटकाच तपासला होता. होस्टेलच्या गाद्यांवर मनसोक्त पडलो, पट्टा पास! दिवाळीत तो आजीच्या मनगटावर बांधला. आजी भाकरी थापायला बसली आणि दर थापेला गजर. शेवटी पट्टा कमरेला नेला, कारण शरीराचा गुरुत्वमध्य त्याच्या जवळ असतो आणि कंबर भाकरी थापत नाही. कोडमध्ये वरचा सगळा क्रम घातला. चांगले मार्क पडले.

फेब्रुवारीत आजी रात्री न्हाणीघराकडे जाताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. पट्टा खुंटीला होता, झोपताना टोचतो म्हणून काढलेला.

सरांचा प्रश्न तेव्हा कळला. कंबर जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर धरली तर मुक्तपणे खाली यायला ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस काय सावरणार? हवेची पिशवी फुगू शकते. फ्रान्सच्या हेलिट कंपनीने तसा कमरपट्टा काढलाही आहे. पण तोही खुंटीला असला तर संपलंच.

खरी खबर आधीच्या चालण्यात असते. डॉक्टर एक साधी चाचणी घेतात: खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात. घड्याळ फक्त एकूण वेळ सांगतं. कमरेचा सेन्सर उठण्याचा, वळण्याचा, बसण्याचा वेळ वेगवेगळा दाखवतो. शिवाय पावला-पावलातलं अंतर वेळेत किती कमी-जास्त होतं तेही. ते जितकं अनियमित, तितका धोका मोठा.

दिवाळीचा डेटा अजून मेमरी कार्डावर होता. ग्राफ काढला. आजीची पावलं तेव्हाच अडखळत होती. आम्ही त्या फाइलमध्ये फक्त झटके शोधले होते.

आता न्हाणीघरात दांडा बसवलाय, वाटेत रात्रभर दिवा असतो. आजी वॉकरवर चालते, मी दर सुट्टीत ती चाचणी घेतो. परवा २६ सेकंद आले, त्यातले ७ नुसते वळण्यात. ही ओळ रिपोर्टात हवी होती, पण सबमिशन केव्हाच झालं होतं.